आपले सरकार नेमके कुठे बसते?
एका वनपट्ट्याच्या निमित्ताने





पावसाळा तोंडावर आला असताना भिंगारच्या आपल्या केंद्रात वनहक्कांवर दोन दिवसांचे शिबिर झाले. अकोले तालुक्याच्या डोंगराकडच्या पाड्यांवरून काही मंडळी आली होती, काही मुळाकाठच्या सपाटीवरच्या वस्त्यांमधून. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला एक तरुण भिल्ल शेतकरी माझ्या शेजारी येऊन बसला. काखेत फुगलेली फाईल होती.

"ताई, एक विचारू का? आमचा कागद गावातून गेला, प्रांतांकडून माघारी आला. आता म्हणत्यात कलेक्टर ऑफिसला जा. काल तुम्ही सांगितलं की पार तिकडं युनोमध्येबी आदिवासींचा ठराव झालाय. मग आमचं सरकार नक्की बसतंय तरी कुठं?"

मी उत्तर जुळवत होते तोवर पलीकडची ठाकर आजी हसून म्हणाली, "आमचं तर आंब्याखालीच बसलं होतं, पोरा. तिथंच लिहिलं समदं."

आजीच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिचा वनपट्टा होता. पोराच्या फाइलीत परत आलेला दावा. कायदा दोघांना एकच, जिल्हाही एकच. मग एकीला मिळाले आणि दुसऱ्याला नाही, असे का? त्या दिवशी मला त्याला नीट सांगता आले नाही. म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे. आपण आपल्या कामाला मदत करता, वस्त्यांवर येता, तेव्हा कोणती गोष्ट कोणत्या दारात मागायची हे आपल्यालाही ठाऊक असावे.

भिंगारकरांना हे नवे नाही

एका गावावर अनेक सरकारे असतात, हे भिंगारच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. येथे रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जाते. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो, कायदा २००६ चा, आणि तो चालवते दिल्लीतले संरक्षण मंत्रालय. पण भांडण झाले तर पोलीस राज्याचे. रेशनकार्ड तहसीलदारांचे. नगर शहराच्या नळाला येणारे पाणी मुळा धरणाचे, आणि ती मुळा नदी उगवते अकोल्यात, हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात. म्हणजे नगरच्या सपाटीवरचा माणूस रोज पाणी पितो ते त्या ठाकर आजीच्या रानातून वाहत आलेले असते.

सरकारे अनेक असणे ही अडचण नाही. कोणते काम कोणाचे, आणि एकाने केले नाही तर दुसऱ्याकडे कसे जायचे, हे ठरलेले नसले किंवा माणसाला माहीत नसले म्हणजे अडचण होते. वनपट्ट्याची गोष्ट याचेच उदाहरण आहे. आपण अगदी वरच्या पायरीपासून खाली येऊ.

सर्वांत वरची पायरी : जगाचे करार

आदिवासींच्या जमिनीविषयी जगात पहिला मोठा करार झाला तो १९५७ साली, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत. तो करार क्रमांक १०७. आदिवासी समाज परंपरेने ज्या जमिनीवर राहत आला त्या जमिनीवरचा त्यांचा सामूहिक किंवा वैयक्तिक मालकीहक्क मान्य करावा, असे त्यात लिहिले आहे. भारताने १९५८ साली त्यावर मान्यतेची मोहोर उमटवली. या करारात एक खोटही होती. आदिवासींनी हळूहळू बाकीच्या समाजात विरघळून जावे, असा त्याचा रोख होता. म्हणून १९८९ मध्ये करार क्रमांक १६९ आला. त्यात आदिवासींचे वेगळेपण मान्य केले आणि त्यांच्याशी सल्लामसलत करणे सरकारांवर बंधनकारक केले. या नव्या कराराला भारताने मान्यता दिलेली नाही. आपल्यावर जुनाच लागू आहे.

पुढे १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आदिवासी समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात ४६ कलमे आहेत. भारताने बाजूने मत दिले, मात्र आमच्या देशात सगळेच मूळ रहिवासी आहेत, अशी भूमिका कायम ठेवली. जाहीरनामा हा करार नव्हे. तो मोडला म्हणून कोणा देशाला दंड होत नाही.

मग अशा कागदांचा उपयोग काय? वाचकांपैकी काहींनी हा प्रश्न मला पूर्वीही विचारला आहे. ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण पाहावे. तेथल्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. डोंगरिया कोंध समाज त्या डोंगराला देव मानतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने आपला वनहक्क कायदा तर आधाराला घेतलाच, शिवाय भारताने १९५८ मध्ये मान्य केलेल्या त्या १०७ क्रमांकाच्या कराराचीही नोंद घेतली. आणि निर्णय कोणाकडे सोपवला? ग्रामसभांकडे. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. २०१४ च्या जानेवारीत केंद्राने परवानगी नाकारली.

वरची पायरी असा आधार देते. जिनिव्हातून कोणी येऊन आपला डोंगर मोजून देत नाही. पण गावाने ठाम काही लिहून ठेवले असेल, तर त्या लिखाणाला जगाच्या कराराचे बळ मिळते. गावाने काहीच लिहिले नसेल, तर करार जिनिव्हाच्या कपाटातच राहतो.

आपल्याकडे नसलेली पायरी

जग आणि देश यांच्या मध्ये काही ठिकाणी आणखी एक पायरी असते, ती खंडाची. अमेरिका खंडांतील देशांसाठी मानवी हक्कांचे एक सामाईक न्यायालय कोस्टारिका देशात आहे. निकाराग्वा देशातील आवास तिंग्नी या गावच्या मायांग्ना आदिवासींनी तेथे दाद मागितली होती. त्यांच्या रानातील लाकूडतोडीचा परवाना सरकारने एका कंपनीला परस्पर दिला होता. ऑगस्ट २००१ मध्ये निकाल गावाच्या बाजूने लागला. सरकारने गावाची जमीन मोजून, हद्द घालून, नावावर करून द्यावी, असा हुकूम झाला. जगभर त्याचा गाजावाजा झाला.

पण पट्टा हातात कधी पडला? डिसेंबर २००८ मध्ये. सात वर्षे लागली. देशाला मोजणीचा नवा कायदा करावा लागला, आणि शेजारच्या समाजांशी हद्दीचे वाद मिटवावे लागले. शेवटी ७३ हजार हेक्टरांहून अधिक जमीन नावावर झाली. न्यायालय खंडाचे असले तरी साखळी धरून बांधावर उभे राहण्याचे काम गावातच करावे लागते.

आशियात असे न्यायालय नाही. आपल्या दक्षिण आशियाई देशांची सार्क ही संघटना १९८५ पासून आहे, पण तिच्याकडे एखाद्या वस्तीला दाद मागता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे दिल्लीच्या वर थेट जगच आहे. देशातल्या पायऱ्या भक्कम असणे आपल्यासाठी म्हणूनच जास्त महत्त्वाचे.

दिल्ली : संविधान आणि दोन कायदे

आदिवासी भागाचा कारभार बाकीच्या भागासारखा करून चालणार नाही, हे संविधानकर्त्यांनी ओळखले होते. कलम २४४ आणि पाचवी अनुसूची त्यासाठी आहे. राष्ट्रपती काही भाग 'अनुसूचित क्षेत्र' म्हणून जाहीर करतात. तेथे राज्यपालांना विशेष अधिकार असतात. देशातील १० राज्यांत असे क्षेत्र आहे. महाराष्ट्रातील सध्याची यादी १९८५ च्या आदेशाची आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे बोलण्यातल्या नगर जिल्ह्यात, फक्त अकोले तालुक्याचा काही भाग त्यात येतो. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची डोंगराकडची गावे ती. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय राजूरला आहे, तेही याच कारणाने.

आता लक्षात घ्या. जिल्ह्यातला भिल्ल समाज बहुतेक या क्षेत्राच्या बाहेर, नद्यांच्या काठी, मोठ्या गावांच्या कडेला राहतो. अनुसूचित जमातीचा दाखला दोघांकडे सारखाच आहे, पण अनुसूचित क्षेत्र आजीच्या पाड्यावर आहे आणि त्या पोराच्या वस्तीवर नाही.

त्यातून पुढचा फरक निघतो. १९९६ च्या डिसेंबरात संसदेने पेसा कायदा केला. पंचायत राज्याचा विस्तार अनुसूचित क्षेत्रात कसा करायचा, याचा हा कायदा. त्यात 'गाव' कशाला म्हणायचे ते निराळ्या रीतीने सांगितले आहे. जी वस्ती किंवा पाडा आपल्या रीतीभातीने आपला कारभार पाहतो, ते गाव. म्हणजे मोठ्या ग्रामपंचायतीतला एखादा पाडाही आपली स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. महाराष्ट्राने याचे नियम २०१४ मध्ये केले. आजी "आंब्याखाली बसलं" म्हणाली ते हेच.

दुसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा. हा साऱ्या देशाला लागू आहे, अनुसूचित क्षेत्र असो वा नसो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो किंवा तेथे राहतो, त्याला ४ हेक्टरपर्यंत पट्टा मिळू शकतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही. याच कायद्यात गावाचा सामूहिक हक्कही आहे. रानातला हिरडा, मध, बांबू यांवर आणि रान राखण्यावर. आदिवासी नसलेल्यांनाही दावा करता येतो, मात्र त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो.

मुंबई : राज्यपालांची लेखणी

या कायद्यात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय शेवटचा मानला आहे. तिने दावा फेटाळला तर पुढे उच्च न्यायालयाखेरीज दार नाही. गरीब माणसाला औरंगाबादची किंवा मुंबईची वारी कुठे परवडणार?

येथे पाचव्या अनुसूचीचा उपयोग झाला. अनुसूचित क्षेत्रापुरता एखादा कायदा बदलून लागू करण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी तो वापरला आणि जिल्हास्तरीय समितीच्या वर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली अपिलाची आणखी एक समिती बसवली. संसदेने केलेला कायदा, राज्यपालांनी बदललेली पायरी, आणि फायदा पाड्यावरच्या कुटुंबाला. सत्ता वाटून घेण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

पण ही नवी पायरी फक्त अनुसूचित क्षेत्रातच आहे. मुळाकाठच्या त्या पोराला जिल्ह्याने नाही म्हटले, तर विभागीय समितीकडे जाता येत नाही.

प्रांत आणि जिल्हा : जिथे कागद थांबतो

आता त्याची फाईल उघडून पाहू. दाव्याची वाट कायद्याने अशी आखली आहे. गावातली वनहक्क समिती दावा घेते, जागेवर जाऊन पाहणी करते. ग्रामसभा ठराव करते. मग तो उपविभागीय समितीकडे जातो. तिचे अध्यक्ष प्रांत. तेथून जिल्हास्तरीय समितीकडे. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दोन्ही समित्यांत वनखात्याचे, आदिवासी विकास खात्याचे अधिकारी असतात आणि निवडून आलेले तीन सदस्यही असतात. म्हणजे अधिकारी आणि लोक दोघांनी मिळून ठरवावे, अशी रचना आहे.

पोराचा दावा परत आला होता तो एका ओळीच्या शेऱ्याने. शेरा होता, "गणपूर्ती नाही." कोणत्या कार्यालयाचा, ते लिहिण्याचे कारण नाही. शेरा नियमाला धरूनच होता. २०१२ च्या नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला गावातील निम्मे प्रौढ हजर लागतात. त्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, आणि दावेदारांपैकीही निम्मे हजर हवेत. पाड्याच्या ग्रामसभेत हे जमते. घरे मोजकीच असतात, सगळ्यांना एकच काम असते. पण या पोराची वस्ती पंचवीस-तीस घरांची, आणि गाव हजारोंचे. पेसा तेथे लागू नाही, म्हणून वस्तीची वेगळी ग्रामसभा नाही. मोठ्या गावातल्या निम्म्या माणसांनी भिल्ल वस्तीच्या दाव्यासाठी एक दुपार का मोडावी? काहींना तर ती जमीन त्या वस्तीला मिळू नये असेच वाटत असते.

हे मी मुद्दाम मांडते आहे. गावाला सत्ता दिली की सगळे चांगले होईल, असे आपण शिबिरांतून पुष्कळ वेळा बोलतो. मीही बोलले आहे. पण गाव म्हणजे कोण? जिथे गाव म्हणजे आपणच, तिथे गावाची सत्ता आपली. जिथे आपण गावाच्या कडेला, तिथे गावाची सत्ता दुसऱ्याची. अशा ठिकाणी वरच्या पायरीने पुढे यावे लागते. नियमांची दुसरी बाजू त्यासाठीच आहे. दावा फेटाळला तर सविस्तर कारणे दावेदाराला लेखी कळवावी लागतात. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. काही कमी असेल तर दावा फेटाळण्याऐवजी ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवावा, असे नियम सांगतो. अपिलाला ६० दिवस आहेत.

पोराला एका ओळीचा शेरा मिळाला तोही कार्यालयात खेटा घातल्यावर, तोंडी विचारल्यावर. तारखेचे पत्र हातात कधी पडलेच नाही. म्हणजे त्याचे ६० दिवस केव्हा सुरू झाले हेही त्याला सांगता येईना.

अशा फेटाळलेल्या दाव्यांचे पुढे काय होते, याची आठवण ठेवावी. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून काढावे, असा आदेश राज्यांना दिला होता. देशभर घबराट झाली. दावे फेटाळताना रीत पाळली गेली होती का, हा प्रश्न पुढे आला आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आदेश थांबवला. एका ओळीचा शेरा किती मोठा ठरू शकतो ते त्या पंधरा दिवसांत कळले.

गाव : पहिली वीट

आजीकडे काय वेगळे होते? शाळा ती शिकलेली नाही. पण तिच्या पाड्याने दावे लिहिताना तीन गोष्टी केल्या. वनहक्क समितीने शिवार फिरून पंचनामा केला आणि वनरक्षकाला आधी लेखी निरोप दिला. दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले. नियमांप्रमाणे दोन पुरावे लागतात, आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा त्यांतला एक धरला जातो. उपग्रहाचा नकाशा पूरक म्हणून चालतो, पण त्याच्या नावाखाली बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत. आणि तिसरे म्हणजे ग्रामसभेच्या वहीत हजेरी, ठराव, अंगठे, सह्या सगळे जागच्या जागी ठेवले. वरच्या प्रत्येक समितीने शेवटी त्या वहीवरच निर्णय केला.

गावाने नीट लिहिले आणि तरी वरच्यांनी अडवले, असेही होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आपल्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो काही मिळेना. हक्क कागदावर आणि बांबू रानात. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले.

मेंढ्याच्या त्या घोषणेचा अर्थ पुष्कळदा अर्धाच घेतला जातो. 'आम्हीच सरकार' तेवढे लोकांच्या लक्षात राहते. पण घोषणेच्या पहिल्या भागात दिल्ली-मुंबईचे सरकारही 'आमचे'च म्हटले आहे. परवाना अडला तेव्हा त्या दुसऱ्या सरकारला गावात यावे लागले.

जिथे साऱ्या पायऱ्या जुळतात

जमिनीची गोष्ट अवघड, म्हणून एक सोपी गोष्टही सांगते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. महादेव कोळी समाजातील या बाईंनी वाल, भात, भाजीपाल्याचे जुने गावरान वाण जपले आणि बायफ संस्थेच्या साथीने घरीच बियाण्यांची बँक उभी केली. त्यांच्या मडक्यातल्या बियांवरही चार पायऱ्यांचे छत्र आहे.

बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्यांचे हक्क जगाने २००१ च्या अन्न व कृषी संघटनेच्या करारात मान्य केले, आणि ते देण्याची जबाबदारी देशांवर सोपवली. भारताने त्याच वर्षी पिकांच्या वाणांचा आणि शेतकरी हक्कांचा कायदा केला. आपले बियाणे राखणे, पेरणे, वाटणे आणि नाममुद्रेशिवाय विकणे हा शेतकऱ्याचा हक्क त्यात लिहिला. जैवविविधतेसाठी १९९२ चा जागतिक करार, त्यावरून २००२ चा आपला कायदा, त्याखाली चेन्नईचे राष्ट्रीय प्राधिकरण, नागपूरचे राज्य मंडळ, आणि शेवटी प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती. गावात कोणते झाड, कोणते बी, कोणते औषध आहे ते या समितीने लोकांना विचारून नोंदवहीत लिहायचे. बाहेरच्या कोणी त्याचा धंदा केला तर गावाला वाटा मिळण्याची वाट त्या नोंदीवरून जाते.

अनेक गावांत ही समिती कागदावरच आहे. पण जेथे वही भरली आहे, तेथे जगाच्या करारापासून गावच्या मडक्यापर्यंत एकच दोरी बांधलेली दिसते. ती दोरी वरून सोडलेली असली, तरी गाठ खालीच मारावी लागते.

मग त्या पोराला काय सांगायचे?

सरकार एका जागी बसत नाही, हे त्याला सांगायचे. जे काम पाड्याला जमते ते पाड्यानेच करावे. शिवार कोणाचे, पुरावा काय, रान कसे राखायचे, हे आंब्याखाली बसलेल्यांइतके कोणाला कळणार? जे पाड्याला जमत नाही, म्हणजे मोजणी, नोंद, परवाना, ते जिल्ह्याने करावे आणि वेळेत करावे. जिथे कायदाच तोकडा पडतो, तिथे मुंबईने आणि दिल्लीने तो सुधारावा. आणि देशच विसरला तर त्याने स्वतः सही केलेल्या कराराची आठवण जगाने द्यावी. जवळचे सरकार न्याय करत असेल तेव्हा वरच्याने मागे उभे राहावे. जवळचे सरकार दाबत असेल तेव्हा वरच्याने पुढे यावे.

त्या शेतकऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी चालू आहेत. त्याने दाव्याच्या निकालाची लेखी कारणे मागणारा अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. वस्तीतल्या बायांनी घरोघर फिरून पुढच्या ग्रामसभेसाठी माणसे जमवण्याचे काम हाती घेतले आहे. गावातली काही जुनी शेतकरी कुटुंबे या वेळी येऊ म्हणाली आहेत. किती येतील ते पाहू. ती जमीन त्याचे आजोबा कसत होते, आणि यंदाही त्याने तिच्यात बाजरी पेरली आहे.

वस्तीवर गेल्यावर एवढे जरूर विचारा

१. आपली वस्ती अनुसूचित क्षेत्रात येते की बाहेर? त्यावर ग्रामसभा पाड्याची की गावाची, हे ठरते.

२. वनहक्क समिती आहे का? तिच्यात १० ते १५ जण, आणि त्यांत एक तृतीयांश बाया आहेत का?

३. दाव्याची पोच आहे का? पोच नसेल तर दावा दिला असे धरू नका.

४. दावा फेटाळला असल्यास कारणे लेखी मिळाली का, आणि कोणत्या तारखेला? अपिलाचे ६० दिवस त्या तारखेपासून मोजायचे.

५. ग्रामसभेची वही कोणाकडे आहे? तिची एक छायाप्रत वस्तीतल्या कोणाकडे तरी असू द्या.

६. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून काढता येत नाही, हे कायद्याचे कलम वस्तीत सगळ्यांना माहीत आहे का?

शिबिर संपल्यावर एसटीची वाट पाहत आजी आणि तो पोरगा भिंगारच्या नाक्यावर एकाच बाकावर बसले होते. आजीने पिशवीतून आपला पट्टा काढला आणि त्याला दाखवला. त्याला अक्षरे येतात, तिला नाहीत. म्हणून त्यानेच तो तिला पुन्हा एकदा वाचून दाखवला. दोघांची नावे, गट, क्षेत्र. तिचे नाव नवऱ्याच्या नावाशेजारी आले तेव्हा ती म्हणाली, "हां, इथपर्यंत वाच. पुढचं मला पाठ आहे."

आपल्या सदिच्छा आणि मदत त्या वस्तीच्या पाठीशी असू द्या. पुढच्या ग्रामसभेचे काय झाले ते पुढील अंकात अवश्य कळवीन.

आपली नम्र,
मिशनची एक कार्यकर्ती,
भिंगार